वाचक विचारतात : आरोग्यसेवा सगळ्यांना, पण 'नाही' कोण म्हणणार?

देशाने सार्वत्रिक आरोग्यसेवा स्वीकारावी की नाही, या विषयावर आलेल्या पत्रांपैकी काहींना या वेळी उत्तरं देत आहोत. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत. भाषा थोडी आवरली आहे, राग मात्र तसाच ठेवला आहे.

प्रश्न : सार्वत्रिक आरोग्यसेवा म्हणजे नेमकं काय? सगळं फुकट? सगळं सरकारी? की फक्त सगळ्यांच्या हातात एक कार्ड?

उत्तर : तिन्ही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येचा गाभा दोन गोष्टींत येतो. गरज पडेल तेव्हा दर्जेदार उपचार मिळावेत आणि त्यापायी घर आर्थिक संकटात सापडू नये. 'फुकट' हा शब्द त्यात नाही, 'सरकारी' हाही नाही.

तिथे पोचण्याच्या वाटा वेगवेगळ्या आहेत. ब्रिटनने 5 जुलै 1948 रोजी करांच्या पैशातून चालणारी सेवा सुरू केली आणि रुग्णालयंही सरकारच्या ताब्यात घेतली. कॅनडात पैसा करांतून येतो, पण बहुतेक डॉक्टर स्वतंत्र व्यावसायिक आहेत. जर्मनीत बिस्मार्कच्या काळात, 1883 मध्ये, कामगारांचा आजारविमा आला. तेव्हा वर्गणीचा दोन-तृतीयांश वाटा कामगाराचा आणि एक-तृतीयांश मालकाचा होता. आज तिथे पगाराच्या 14.6 टक्के मूळ वर्गणी दोघं निम्मी-निम्मी भरतात आणि वर थोडी पूरक वर्गणी असते. स्वित्झर्लंडमध्ये 1996 पासून विमा खासगी कंपन्यांकडूनच घ्यायचा असतो, मात्र मूळ विमा प्रत्येकाला सक्तीचा आहे आणि त्यावर कंपनीला नफा घेता येत नाही. तेव्हा 'सार्वत्रिक म्हणजे सरकारीकरण' हे समीकरण पहिल्याच पायरीला चुकतं.

एखादी योजना किती सार्वत्रिक आहे हे तीन मापांवर तपासावं. किती लोक आत आहेत, कोणत्या सेवा आत आहेत आणि बिलाचा किती भाग योजना उचलते. घोषणा नेहमी पहिल्या मापाची होते, कारण ते फुगवायला सर्वांत सोपं. कार्डं वाटून होतात. मग कळतं की भरती झालं तरच योजना लागू आहे, ओपीडी, तपासण्या आणि रोजची औषधं बाहेर आहेत. मधुमेह किंवा रक्तदाबाचा रुग्ण वर्षानुवर्षं भरती होत नाही. त्याचं घर महिन्याच्या महिन्याला औषधांच्या दुकानात झिजतं. घरखर्चाच्या 10 टक्के किंवा 25 टक्क्यांहून जास्त पैसा उपचारांवर जाणं हे आर्थिक आघाताचं रूढ माप आहे. कार्डं किती वाटली यापेक्षा ही टक्केवारी किती घटली, ते विचारा.

प्रश्न : मी 28 वर्षांचा आहे, व्यायाम करतो, व्यसन नाही. दुसऱ्याच्या आजारपणाचे पैसे मी का भरू? ज्याला हवा त्याने विमा घ्यावा, ज्याला नको त्याने घेऊ नये. सक्ती कशाला?

उत्तर : नीतीचा मुद्दा बाजूला ठेवू आणि आधी हिशेब करू. चलन कुठलंही धरा.

शंभर माणसं आहेत. दहा जणांना मोठा आजार आहे, त्यांचा वर्षाचा खर्च प्रत्येकी 500. उरलेल्या नव्वद जणांचा खर्च प्रत्येकी 10. एकूण खर्च 5,900, म्हणजे सर्वांना सारखा हप्ता लावला तर 59. तुमच्यासारखे नव्वद जण म्हणतात, दहाच्या खर्चासाठी 59 कशाला? त्यातले निम्मे बाहेर पडतात. आता आत 55 जण आणि खर्च 5,450, म्हणजे हप्ता 99. आणखी 25 धडधाकट माणसं बाहेर पडतात. उरले 30, खर्च 5,200, हप्ता 173. दोन-तीन फेऱ्यांत फक्त ते दहा आजारी उरतात आणि त्यांच्यापुढे 500 चा हप्ता येतो. म्हणजे विमा नाहीच, बिलच.

हे कागदावरचं गणित नाही. अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्याने 1993 मध्ये नियम केला की विमा कंपनीने कुणालाही नाकारू नये आणि वय किंवा आजार पाहून हप्ता वाढवू नये. विमा घेण्याची सक्ती मात्र केली नाही. वैयक्तिक विम्याचे हप्ते चढत गेले आणि तो बाजार जवळजवळ आटला. 2014 मध्ये देशपातळीवरचा सक्तीचा नियम आणि अनुदानं आल्यावर तिथले हप्ते निम्म्याच्या आसपास उतरले.

यावर कंपन्यांचा उपाय एकच असतो. आधीपासूनचे आजार वगळायचे, सुरुवातीचा काळ दावा नाकारायचा, वयाप्रमाणे हप्ता चढवायचा. 28 व्या वर्षी हे तुम्हाला सोयीचं आहे. 58 व्या वर्षी तुम्हीच त्या दहांत असाल आणि तेव्हा दार उघडं असेल याची हमी नाही.

आणखी एक. विमा न घेतलेला माणूस अपघातात सापडला तर त्याला रस्त्यावर टाकायची हिंमत बहुतेक समाज करत नाहीत. अमेरिकेत 1986 च्या कायद्याने आपत्कालीन विभागाला रुग्णाची प्रकृती स्थिर करावीच लागते, पैसे असोत वा नसोत. म्हणजे सार्वत्रिक सेवा तिथेही थोडीशी आहेच. फक्त ती सर्वांत महागड्या दारातून दिली जाते आणि तिचा खर्च इतरांच्या बिलात मुरवला जातो.

तुमच्या बाजूने एक गोष्ट मान्य करायला हवी. सर्वांना सारखा हप्ता लावला तर कमी पगाराच्या तरुणाने श्रीमंत वृद्धाचा खर्च उचलणं, असा उलटा प्रकार होऊ शकतो. म्हणून वर्गणी मिळकतीच्या प्रमाणात हवी. स्वित्झर्लंडमध्ये हप्ता मिळकतीवर ठरत नाही, त्यामुळे कमी मिळकतीच्या घरांना सरकारला वेगळं अनुदान द्यावं लागतं.

प्रश्न : फुकट मिळालं की लोक सर्दीलाही मोठ्या डॉक्टरकडे जातील. थोडे पैसे लावले तर शिस्त येणार नाही का?

उत्तर : फुकट असलं की वापर वाढतो, हे खरं आहे. अमेरिकेत 1974 ते 1982 या काळात रँड संस्थेने एक मोठा प्रयोग केला. कुटुंबांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं वेगवेगळ्या योजनांत घातलं, काहींना सगळं मोफत, काहींना एका मर्यादेपर्यंत 95 टक्के खर्च स्वतःचा. ज्यांना स्वतः भरायचं होतं त्यांच्यावरचा खर्च जवळपास 30 टक्के कमी झाला आणि सरासरी माणसाच्या प्रकृतीत फारसा फरक दिसला नाही. तुमचा मुद्दा इथवर बरोबर.

पण त्याच प्रयोगात पुढे असं दिसलं की लोकांनी अनावश्यक भेटी टाळल्या तशा आवश्यक भेटीही टाळल्या, जवळजवळ सारख्याच प्रमाणात. छातीतली कळ पित्ताची की हृदयाची, हे रुग्णाला घरी बसून कळत नाही. ते कळावं म्हणूनच तर तो जातो. मोफत सेवा मिळालेल्या गरीब रक्तदाबाच्या रुग्णांचा रक्तदाब मात्र जास्त आटोक्यात राहिला.

दुसरा पुरावा दोन्ही पक्षांना थोडा बोचेल. ओरेगॉन राज्यात 2008 मध्ये गरिबांच्या सरकारी विम्यातल्या मोजक्या जागांसाठी सोडत काढावी लागली, त्यामुळे अभ्यासकांना तुलनेची आयती संधी मिळाली. विमा मिळालेल्यांचा आपत्कालीन विभागातला वापर सुमारे 40 टक्क्यांनी वाढला, कमी झाला नाही. 'विमा दिला की आपत्कालीन गर्दी हटेल' हा समर्थकांचा आवडता दावा तिथे पडला. दोन वर्षांत रक्तदाब, कोलेस्टेरॉल, साखर यांत ठळक फरक सिद्ध झाला नाही. नैराश्य मात्र घटलं आणि उपचारांपायी होणारी मोठी आर्थिक पडझड जवळजवळ थांबली. म्हणजे विमा आधी घराचा हिशेब वाचवतो. शरीर वाचवायला त्याच्या मागे चालू स्थितीतला दवाखाना लागतो.

पैसे लावायचेच असतील तर कुठे लावायचे हे ठरवा. पहिली भेट, लहान मुलं, गरोदर स्त्रिया, क्षय, लसीकरण आणि दीर्घ आजारांची औषधं यांवर लावू नका. पायरी सोडून थेट तज्ज्ञाकडे जाणाऱ्याला लावा, जेनेरिक असताना ब्रँड मागणाऱ्याला लावा. आणि वर कमाल मर्यादा ठेवा. जपानमध्ये रुग्ण साधारण 30 टक्के भरतो, पण महिन्याची मर्यादा ओलांडली की पुढचा भार जवळजवळ सगळा विमा उचलतो. ही मर्यादा नसेल तर टक्केवारीचा वाटा कर्करोगाच्या घराला बुडवायला पुरेसा असतो.

शिवाय सर्दीचा रुग्ण फार स्वस्त असतो. खर्चाचा डोंगर उभा राहतो तो थोड्या रुग्णांच्या मोठ्या उपचारांवर, आणि एमआरआय कर, भरती हो, शस्त्रक्रिया कर, हे निर्णय रुग्ण घेत नाही. शिस्त लावायचीच तर निर्णय ज्याच्या हातात आहे तिथे लावा. पुढचं पत्र त्याच बाजूचं आहे.

प्रश्न : मी शल्यचिकित्सक आहे. अशा योजना म्हणजे आम्हाला न विचारता ठरवलेले दर आणि सहा महिने अडकलेली बिलं. डॉक्टरांना वेठीला धरून सार्वत्रिक सेवा चालते का?

उत्तर : चालत नाही, आणि ते इतिहासात एकदा स्पष्ट दिसलं आहे. कॅनडाच्या सस्कॅचवान प्रांतात 1 जुलै 1962 रोजी सार्वत्रिक वैद्यकीय विमा लागू झाला आणि त्याच दिवशी डॉक्टरांनी संप केला. तो 23 दिवस चालला. तडजोडीत योजना राहिली, पण डॉक्टर पगारी नोकर झाले नाहीत. त्यांचा व्यवसाय स्वतंत्र राहिला आणि सेवेगणिक पैसे मिळत राहिले. दोन्ही बाजू आपण जिंकलो असं म्हणू शकल्या, म्हणूनच तो करार टिकला.

पैसे देण्याच्या पद्धती मोजक्या आहेत आणि प्रत्येकीत एक खोट आहे. पित्ताशयात खडे असलेला एकच रुग्ण घेऊ आणि त्याला चारही पद्धतींतून फिरवून आणू.

सेवेगणिक पैसे असतील तर त्याची सोनोग्राफी दोनदा होते, 'जाता जाता' आणखी दोन तज्ज्ञ पाहून जातात, मुक्काम एक दिवस वाढतो. लक्षणं नसलेल्या खड्यांनाही शस्त्रक्रियेचा सल्ला मिळतो. प्रत्येक ओळ बिलात वेगळी, प्रत्येक ओळीचं समर्थन शक्य.

आजारगटानुसार ठरीव दर, म्हणजे आपण ज्याला पॅकेज म्हणतो, ते अमेरिकेच्या वृद्धांच्या विम्यात 1983 पासून आलं. आता मुक्काम झपाट्याने घटतो. काही वेळा फारच घटतो आणि रुग्ण ताप घेऊन परत येतो, मग दुसरी भरती, दुसरं पॅकेज. फॉर्मवर 'साध्या'चं 'गुंतागुंतीचं' होतं. स्थूल, मधुमेही, हृदयविकार असलेला रुग्ण पॅकेजच्या दरात परवडत नाही, म्हणून 'आमच्याकडे सोय नाही' म्हणत त्याला पुढे रेफर केलं जातं. आणि सर्वांत वाईट म्हणजे पॅकेज योजनेकडून घेऊन 'दुर्बिणीचे वेगळे' म्हणत नातेवाइकांकडून हळूच वरचे घेतले जातात.

दरडोई ठोक रक्कम, म्हणजे नोंदलेल्या प्रत्येक माणसामागे वर्षाला ठरलेले पैसे, रुग्ण येवो न येवो. ब्रिटनमधल्या कुटुंब डॉक्टरांच्या उत्पन्नाचा मोठा भाग असा येतो. इथे डॉक्टर रुग्णाला निरोगी ठेवायला पाहतो, पण कटकटीचा रुग्ण वरच्या रुग्णालयाकडे ढकलायलाही पाहतो. पोटदुखी दोनदा 'ॲसिडिटी' म्हणून परत जाते.

पगार असेल तर उगाच शस्त्रक्रिया होत नाही. कधी कधी आवश्यक असलेलीही होत नाही. ओपीडी वेळेआधी आटोपते आणि रुग्णाला संध्याकाळच्या खासगी दवाखान्याचा पत्ता मिळतो.

शुद्ध पद्धत एकही नाही, म्हणून चालणाऱ्या व्यवस्था मिश्रण वापरतात. प्राथमिक सेवेला दरडोई, भरतीला पॅकेज, आणि ज्या गोष्टी जास्तच व्हायला हव्या आहेत (लसीकरण, प्रसूतिपूर्व तपासणी) त्यांना सेवेगणिक पैसे. एकूण खर्चावर वरून झाकण. तैवानने हे झाकण पॉइंटने बसवलं आहे. प्रत्येक सेवेला पॉइंट, वर्षाची रक्कम ठरलेली. सगळ्यांनी जास्त सेवा दिल्या तर पॉइंटची किंमत घसरते. एका डॉक्टरची हाव मग सगळ्यांच्या उत्पन्नात दिसते आणि व्यवसायातूनच दबाव येतो. त्याचीही किंमत आहे. तिथे भेटी फार आणि प्रत्येक भेट छोटी, ही तक्रार जुनी आहे.

आता तुमच्या दोन तक्रारी. दर न विचारता ठरवणं चूकच. नमुन्याची रुग्णालयं घेऊन औषधं, साहित्य, मनुष्यबळ, यंत्रांची झीज आणि इमारतीचा वाटा असा खर्चाभ्यास करावा, संघटनांसोबत बसून दर ठरवावेत आणि ठरलेल्या मुदतीने बदलावेत. जपानमध्ये राष्ट्रीय दरपत्रक दर दोन वर्षांनी बदलतं. दर गोठवलेली योजना काही वर्षांत आतून रिकामी होते. कागदावर रुग्णालय यादीत असतं, प्रत्यक्षात 'खाट रिकामी नाही'.

बिल अडकण्याचा परिणाम तर दर कमी असण्याहून वाईट. रुग्णालय कर्ज काढून औषधं आणतं, ते व्याज कुठल्याच पॅकेजमध्ये नसतं, आणि कार्डधारकाला दारातच टाळणं सुरू होतं. घानाच्या राष्ट्रीय आरोग्य विम्यात थकीत बिलांचं दुखणं वारंवार वर आलं आहे. यावर उपाय कायद्यातच लिहावा लागतो. दावा आल्यापासून ठरावीक दिवसांत निर्विवाद भाग देऊन टाकायचा, वादातली रक्कम तेवढी थांबवायची, उशीर झाला तर व्याज आपोआप. आणि त्याच कायद्यात तुमच्यावर बंधन घालणारं कलमही हवं, ते म्हणजे रुग्णाकडून वरचे पैसे घेणं बंद. कॅनडाने 1984 च्या कायद्यात हे साध्या पद्धतीने केलं. प्रांतात असे जितके डॉलर वसूल होतील तितके केंद्राच्या अनुदानातून कापले जातात. डॉक्टरांमागे पोलिस लावावे लागले नाहीत. प्रांतच लक्ष ठेवू लागले.

प्रश्न : ब्रिटन-कॅनडात महिनोन्‌महिने थांबावं लागतं. अशी सेवा असून उपयोग काय?

उत्तर : रांग खरी आहे, ती झाकू नये. इंग्लंडमध्ये कुटुंब डॉक्टरने पाठवल्यापासून 18 आठवड्यांच्या आत 92 टक्के रुग्णांचे उपचार सुरू व्हावेत असा दंडक आहे. तो 2016 पासून पाळला गेलेला नाही. 2023 मध्ये प्रतीक्षायादी 70 लाखांच्या पुढे होती. (ही उपचारांची संख्या. एकच माणूस गुडघा आणि मोतीबिंदू अशा दोन रांगांत असेल तर तो दोनदा मोजला जातो.)

पण रांग सार्वत्रिकतेमुळे लागते असं नाही. जर्मनी, स्वित्झर्लंड इथेही सगळे आत आहेत आणि तिथल्या रांगा पुष्कळ छोट्या आहेत. रांग लागते क्षमता आणि मागणी यांच्या फरकामुळे. आठवड्याला 100 नवे रुग्ण येतात आणि 96 शस्त्रक्रिया होतात. फरक फक्त चारचा. वर्षाअखेर 208 जण रांगेत. सरकार खास निधी देऊन 208 शस्त्रक्रियांची मोहीम राबवतं, फोटो येतात, रांग संपते. पुढच्या वर्षी पुन्हा 208. कारण चारचा फरक तसाच राहिला.

तो फरक शोधायला साखळी तपासावी लागते. सर्जन मोकळा असतो, भूलतज्ज्ञ नसतो. दोघं असतात, अतिदक्षता विभागात खाट नसते. खाट का नाही, तर बरा झालेला वृद्ध रुग्ण तिथेच आहे, कारण त्याला घरी सांभाळणारं कुणी नाही. खाटा सतत 90 टक्क्यांवर भरलेल्या असतील तर हिवाळ्यातली एक फ्लूची लाट ठरलेल्या शस्त्रक्रिया रद्द करायला पुरते. रिकामी खाट हिशेबनिसाला उधळपट्टी वाटते. ती उधळपट्टी नाही, लाटेसाठी ठेवलेली जागा आहे.

डेन्मार्कने एक उपाय केला. 2002 पासून दोन महिन्यांत, आणि 2007 पासून एका महिन्यात, सरकारी रुग्णालयाला जमलं नाही तर रुग्णाने करारातल्या खासगी रुग्णालयात जावं, पैसे व्यवस्थेचे. रांगेची झळ प्रशासनाच्या खिशाला बसली की फरक शोधला जातो.

आणि तुलना करताना घड्याळ कुठे सुरू होतं ते बघा. काही ठिकाणी तज्ज्ञाने शस्त्रक्रिया सांगितल्यापासून दिवस मोजतात, तज्ज्ञापर्यंत पोचायचे महिने मोजतच नाहीत. जिथे पैशाअभावी माणूस तपासणीलाच गेला नाही, तिथे तर घड्याळ सुरूच होत नाही. तो कुठल्याच यादीत दिसत नाही, म्हणून तिथली रांग छोटी.

प्रश्न : कोणता उपचार द्यायचा हे समिती ठरवणार? माझ्या आईच्या औषधाला एखादा अधिकारी 'नाही' म्हणणार?

उत्तर : हो, कधीकधी म्हणेल. या सगळ्या वादात समर्थक नेमकं इथे गुळमुळीत बोलतात, म्हणून आम्ही सरळ लिहितो. 'नाही' प्रत्येक व्यवस्थेत आहे. बाजारात ते किंमत म्हणते, ब्रिटनमध्ये रांग किंवा समिती म्हणते, खासगी विम्यात ते पॉलिसीच्या बारीक अक्षरांत असतं. समितीचा 'नाही' निदान उघड असतो, त्याची कारणं मागता येतात आणि त्यावर अपील करता येतं. हे तीन नसतील तर तुमची भीती रास्त आहे.

थायलंडचं उदाहरण बघण्यासारखं आहे. 2002 मध्ये सार्वत्रिक योजना आली तेव्हा मूत्रपिंड निकामी झालेल्यांचं डायलिसिस त्यात नव्हतं. परवडत नव्हतं, तसं सांगितलं गेलं. रुग्णांनी मागणी लावून धरली, खर्च-परिणामांचे अभ्यास झाले आणि 2008 मध्ये डायलिसिस आत आलं, पण 'पोटातून घरी करायचं डायलिसिस आधी' या अटीवर, कारण रक्ताच्या डायलिसिसला लागणारी केंद्रं आणि परिचारिका गावोगाव नव्हत्या. 2022 मध्ये निवड रुग्ण आणि डॉक्टरवर सोडली. म्हणजे वीस वर्षांत 'नाही'चं 'अटीवर हो' आणि मग 'हो'. 2002 मध्येच सगळ्याला हो म्हटलं असतं तर बाळंतपण आणि लसींचे पैसे कुठून आले असते, हा प्रश्न विचारायलाच हवा.

प्रश्न : हे श्रीमंत देशांचे चोचले. आधी देश श्रीमंत होऊ द्या, मग बघू.

उत्तर : दक्षिण कोरियाने 1977 मध्ये 500 हून जास्त कामगार असलेल्या कारखान्यांपासून सुरुवात केली आणि 1989 मध्ये, बारा वर्षांत, सगळी लोकसंख्या आत घेतली. तेव्हा तो देश आजच्याइतका श्रीमंत नव्हता. थायलंडने 2002 मध्ये दरडोई 1,202 बाहत (तिथलं चलन) धरून सुरुवात केली, रुग्णाकडून भेटीला फक्त 30 बाहत. अमेरिका मात्र राष्ट्रीय उत्पन्नाच्या 17 टक्क्यांहून जास्त आरोग्यावर खर्च करते आणि तरी अडीच कोटींच्या आसपास माणसं विम्याबाहेर आहेत. श्रीमंती पुरेशी अट नाही, हे त्यावरून दिसतं.

गरीब देशांची खरी अडचण वेगळी आहे. पगारातून वर्गणी कापायची, तर पगारपत्रक असलेली माणसंच थोडी. शेतमजूर, फेरीवाला, घरकामगार यांच्याकडून दरमहा हप्ता गोळा करायचा खर्च हप्त्याच्या जवळ जातो, आणि आजारी पडल्यावरच हप्ता भरणारे जास्त असतात. म्हणजे वरचं 59-99-173 चं गणित पुन्हा. म्हणून या वर्गाचा पैसा करांतूनच टाकावा लागतो. थायलंडने तेच केलं. घानाने 2003 च्या कायद्याने मूल्यवर्धित कराबरोबर अडीच टक्क्यांची वेगळी आकारणी लावली.

आणि क्रम चुकवू नये. थायलंडने कार्डांच्या आधी तीस वर्षं तालुक्याच्या पातळीवर रुग्णालयं उभी केली. त्यासाठी 1980 च्या दशकात काही वर्षं शहरी रुग्णालयांची वाढ रोखून पैसा ग्रामीण भागात वळवला, आणि नव्या डॉक्टरांना तिथे सक्तीची सेवा लावली. कार्ड आलं तेव्हा ते दाखवायला दार होतं.

उलटी उदाहरणंही आहेत. अमेरिकेतल्या व्हर्मॉन्ट राज्याने 2011 मध्ये एकाच सरकारी विम्याचा कायदा केला आणि 2014 च्या डिसेंबरात राज्यपालांनीच तो गुंडाळला, कारण पगारांवर 11.5 टक्के आणि शिवाय मिळकतीवर 9.5 टक्क्यांपर्यंत नवा कर लागणार असं गणित निघालं. लोकांचे खासगी हप्ते वाचणार होते, पण हप्ता मालक कापतो आणि दिसत नाही, कर दिसतो. मेक्सिकोने 2003 मध्ये सुरू झालेला जनविमा 2020 मध्ये बंद केला, नवी संस्था आणली, तीही 2023 मध्ये मोडली. मधल्या काळात औषधखरेदीची जुनी साखळी तुटली आणि नवी बसली नाही. आरोग्यसेवा मिळत नाही असं सांगणाऱ्यांची संख्या 2018 ते 2022 मध्ये सुमारे 2 कोटींवरून 5 कोटींवर गेली. जुनं वाईट होतं म्हणून ते आधी मोडायचं नसतं. नवं चालू करून रुग्ण हलवायचे आणि मग मोडायचं.

प्रश्न : आमच्या अभ्यासगटात अशा कायद्याचा मसुदा वाचायचा आहे. कुठे बोट ठेवायचं?

उत्तर : उद्देशिका सोडून द्या, ती नेहमी सुंदर असते. हक्क कुणाचा ते बघा, नागरिकाचा की रहिवाशाचा. स्थलांतरित मजूर बहुधा याच शब्दात गळतो. मग पैशाचं कलम. 'शासन पुरेशी तरतूद करेल' असं लिहिलं असेल तर तरतूद नाही असं समजा. आकारणीचं नाव, दर किंवा सूत्र लिहिलेलं हवं. सेवा विकत घेणारी संस्था आणि रुग्णालयं चालवणारं खातं एकच आहे का? एकच असेल तर स्वतःच्या रुग्णालयाला ते दंड करणार नाही. वगळलेल्या सेवांची यादी परिशिष्टात असते, आधी तीच वाचा. बिल किती दिवसांत, उशिराला व्याज काय, दर कधी बदलणार, तक्रार कुणाकडे आणि निकाल किती दिवसांत, या पाचांतलं जे 'नियमांद्वारे विहित केले जाईल' वर सोडलं असेल तिथे पुढे भांडण होणार. शेवटी अंमलाची तारीख आणि भरायच्या पदांची संख्या शेजारी ठेवा. परिचारिका घडायला तीन-चार वर्षं लागतात, तज्ज्ञ डॉक्टर घडायला दहाहून जास्त. तारीख सहा महिन्यांवर असेल तर त्या सेवा कोण देणार हे मसुदा लिहिणाऱ्यालाही माहीत नाही.

प्रश्न : दात आणि चष्मा प्रत्येक योजनेत बाहेर का असतात?

उत्तर : मागणीचा अंदाज चुकतो म्हणून. ब्रिटनमध्ये 1948 ला दोन्ही मोफत होते. वर्षानुवर्षं थांबलेले लोक कवळ्या आणि चष्म्यांसाठी आले आणि अंदाजपत्रक फुटलं. 1951 मध्ये दोन्हींवर शुल्क लावलं तेव्हा ही सेवा उभी करणारे मंत्री अन्युरिन बेव्हन यांनी राजीनामा दिला. साठलेली गरज आणि दरवर्षीची गरज वेगळी असते. पहिली एकदाच येते, पण येते तेव्हा कायमची वाटते. योजना आखताना पहिल्या दोन वर्षांसाठी वेगळा निधी ठेवला तर हा गोंधळ टळतो. दातांच्या बाबतीत निदान वेदना, उपटणं आणि लहान मुलांची तपासणी आत घेता येते. कवळीसाठी रुग्णाचा वाटा ठेवावा, आणि वृद्धांसाठी त्याला मर्यादा.